क्लच उतरलेला आहे तोवर

धान्याच्या उतरंडीतले तळचे मडके हाती यायचे, तर वरची सारी मडकी एकेक करून खाली घ्यावी लागतात. मोटारीच्या इंजिनाच्या मागच्या तोंडाशी बसवलेले ऑइल सील हे असेच तळचे मडके आहे. वस्तू म्हणून पाहिले तर ते एक साधे कडे. रबराचे किंवा तत्सम पदार्थाचे, तळहातावर मावणारे, वजनाने नगण्य आणि सुट्या भागांच्या किंमतपत्रकात खालच्या ओळींत सापडणारे. परंतु त्याच्यापर्यंत हात पोचवण्यासाठी गाडी उचलून घ्यावी लागते, गिअरबॉक्स उतरवावी लागते, क्लच सोडवावा लागतो आणि फ्लायव्हील काढून बाजूला ठेवावे लागते. कड्याला लागणारे दाम थोडे आणि त्याच्या वाटेला लागणारे दाम मोठे, असा हा उलटा हिशेब आहे.

म्हणूनच क्लच झिजला, गाडी कारखान्यात गेली आणि उतरंड एकदाची खाली आली, की मालकापुढे एक प्रश्न उभा राहतो. सील अजून गळत नाही, किंवा गळत असले तर थोडेसेच. ते आताच बदलावे, की आहे तसे राहू द्यावे? प्रश्न दिसायला किरकोळ आहे. उत्तर मात्र तितके किरकोळ नाही. काही गाड्यांच्या बाबतीत तर त्याच उघड्या जागेतल्या आणखी एका लहानशा भागाकडे दुर्लक्ष झाल्याने सबंध इंजिन भंगारात गेलेले आहे.

इंजिन फिरते आहे आणि चाके मात्र थांबलेली आहेत, ही अवस्था मोटारीच्या आयुष्यात पदोपदी येते. ह्या दोघांची गाठ हवी तेव्हा बांधणारा आणि हवी तेव्हा सोडणारा मध्यस्थ म्हणजे क्लच. इंजिनाच्या क्रँकशाफ्टच्या टोकाला फ्लायव्हील नावाचे जड चाक असते. त्याच्या सपाट पाठीवर क्लचची प्लेट टेकते आणि प्रेशर प्लेट आपल्या पोलादी स्प्रिंगच्या जोराने तिला दाबून धरते. गिअरबॉक्सचा दांडा ह्या प्लेटच्या मध्यात खाचांनी गुंतलेला असतो. सारी किमया आहे ती कोरड्या घर्षणाची. प्लेटच्या अस्तराला तेलाचा स्पर्श झाला, की ती गाठ सैल पडते. चढावर इंजिन ओरडते आणि गाडी मात्र वेग घेत नाही. नाही तर निघताना ती हिसके देत निघते. तेल प्यालेले अस्तर धुऊन पुसून पूर्ववत होईल असे कोणी सांगितले, तरी त्यावर विश्वास ठेवू नये. तापल्यावर तेच तेल पुन्हा वर येते.

आता गंमत अशी, की ज्या ठिकाणी तेलाचा थेंबही चालत नाही, त्याच्या अगदी शेजारी तेलाचे कोठार आहे. क्रँकशाफ्ट इंजिनाच्या पोटात तेलाच्या वर्षावात फिरतो आणि त्याचे मागचे टोक भिंतीतून बाहेर येऊन फ्लायव्हीलला मिळते. दांडा फिरता राहिला पाहिजे आणि त्याच्याभोवतालच्या फटीतून तेल मात्र बाहेर येता कामा नये, हे परस्परविरोधी काम त्या कड्याकडे दिलेले आहे. पलीकडच्या बाजूने गिअरबॉक्सचा दांडाही ह्याच कोरड्या खोलीत शिरतो आणि त्याच्याभोवतीही एक सील असते. म्हणजे एका कोरड्या खोलीला दोन ओल्या भिंती आणि दोन द्वारपाल.

द्वारपालाची कामगिरी किती कठीण आहे हे साध्या गणिताने कळते. दांड्याचा व्यास नव्वद मिलिमीटर धरला आणि इंजिन मिनिटाला सहा हजार फेरे घेत आहे असे मानले, तर दांड्याचा पृष्ठभाग सीलच्या कडेखालून सेकंदाला सुमारे २८ मीटर, म्हणजे ताशी सुमारे शंभर किलोमीटर वेगाने धावत असतो. स्पोर्ट्स मोटारीचे इंजिन असे फेरे क्वचित नव्हे, तर हौसेने घेते. सीलची ओठासारखी पातळ कडा दांड्याला सर्व बाजूंनी मिठी मारून बसते आणि तिच्या पाठीशी तारेची एक बारीक वेटोळी स्प्रिंग असते. पण ही मिठी अगदी कोरडी असती, तर ओठ काही मिनिटांतच जळून गेला असता. त्याच्याखाली तेलाचा अतिसूक्ष्म, मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या आसपासचा पापुद्रा राहतो. ओठाच्या दोन्ही बाजूंचे उतार मुद्दाम असमान ठेवलेले असतात. तेलाकडचा उतार उभट आणि हवेकडचा सपाट. त्यामुळे दांडा फिरू लागला, की बाहेर येऊ पाहणारा पापुद्रा पुन्हा आत ढकलला जातो. चांगले सील तेलाला नुसते अडवीत नाही, ते तेलाला परत पाठवते.

हे कडे आज सर्वत्र रबराचे दिसत असले, तरी त्याचा जन्म चामड्यात झाला. जर्मनीतील वाइनहाइम गावी फ्रॉयडेनबर्ग घराण्याने १८४९ मध्ये कातडी कमावण्याचा कारखाना काढला होता. १९२९ च्या मंदीच्या सुमारास ह्या कारखान्याने यंत्रांसाठी चामड्याची सीले करण्यास आरंभ केला. पुढे वाल्थर झिमर ह्या अभियंत्याने धातूच्या कवचात ओठ बसवून आजच्या सीलचा घाट सिद्ध केला, आणि जर्मन भाषेत अशा सीलला आजही त्याच्या नावावरून झिमररिंग म्हणतात. १९३६ पासून चामड्याची जागा कृत्रिम रबर घेऊ लागले. चामडे तेलात भिजले की मऊ राहते, ही गोष्ट मोटेच्या आणि पखालीच्या देशात कोणाला समजावून सांगायला नको. परंतु इंजिनाचे वाढते तापमान चामड्याला सोसवेना, म्हणून रबर आले. साध्या कृत्रिम रबरालाही काही वर्षांच्या उष्णतेने काठिण्य येते, ओठाची लवचिकता जाते आणि तो दांड्याच्या सूक्ष्म थरथरीचा पाठलाग करू शकत नाही. अलीकडच्या इंजिनांत म्हणून टेफ्लॉन ह्या नावाने घरोघरी ठाऊक झालेल्या पदार्थाचा ओठ वापरतात. रॉय प्लंकेट ह्या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाला तो १९३८ मध्ये वेगळ्याच प्रयोगात अकस्मात गवसला. उष्णतेला तो सहसा दाद देत नाही.

काही जुन्या इंग्रज स्पोर्ट्स मोटारींत मागे असे सीलच नव्हते. १९६२ मध्ये निघालेल्या एम.जी.बी. गाडीच्या पहिल्या इंजिनांत क्रँकशाफ्टच्या मागच्या भागावर उलट्या आट्यांची एक खोबण कापलेली असे. दांडा फिरला, की ही खोबण तेलाला मळसूत्राप्रमाणे आत लोटी. युक्ती सुबक खरी. पण ती दांडा फिरत असेपर्यंतच. इंजिन थांबले, की आत लोटणारे कोणी उरत नसे आणि रात्रभरात गाडीखाली एक काळा ठिपका उमटे. अशा गाड्यांचे मालक त्या ठिपक्याला गाडीचा स्वभाव मानून गप्प राहत. १९६४ मध्ये ह्या इंजिनाला पाच बेअरिंगांचा क्रँकशाफ्ट मिळाला, तेव्हा ओठाचे सीलही मिळाले. त्याच वर्षी आलेल्या जॅग्वार ई-टाइपच्या ४.२ लिटर इंजिनात मात्र दोरीसारख्या वळलेल्या भरणीचे सील होते आणि ते नीट बदलायचे, तर क्रँकशाफ्टच बाहेर काढण्याची पाळी येई. ई-टाइपचा क्लच बदलण्यासाठी इंजिन आणि गिअरबॉक्स दोन्ही एकत्र बाहेर काढावी लागतात. एवढे केल्यावरही मागच्या सीलला हात लावायचा की नाही, हा निर्णय त्या गाडीपुरता फार महागडा ठरतो.

प्रश्नाचे सर्वांत बोलके उदाहरण मात्र पोर्शची बॉक्सटर ही गाडी. १९९६ मध्ये विक्रीस आलेल्या ह्या दोन आसनी गाडीचे सहा सिलिंडरांचे, पाण्याने थंड होणारे इंजिन आसनांच्या पाठीमागे आणि मागच्या आसाच्या पुढे बसवलेले आहे. तीन सिलिंडर डावीकडे आणि तीन उजवीकडे, असे ते आडवे पसरलेले आहे. गिअरबॉक्स इंजिनाच्या मागे, म्हणून क्लचकडे जाण्याचा रस्ता गाडीच्या शेपटीकडून. इंजिनाचे कवच दोन अर्ध्या भागांचे असून ते उभ्या सांध्यावर जोडलेले आहे आणि मागच्या सीलचे वर्तुळाकार घर बरोबर ह्या सांध्यावर येते. दोन्ही अर्धी एकमेकांशी जराशीही चुकली किंवा घराचा मध्य आणि दांड्याचा मध्य ह्यांत थोडाही फरक राहिला, तर सीलचा ओठ एका बाजूने अधिक दाबला जातो आणि दुसऱ्या बाजूने सैल पडतो. आरंभीच्या वर्षांत ह्या इंजिनांची मागची सीले गळण्याबद्दल चांगलीच कुप्रसिद्ध झाली. कंपनीने सीलचा घाट आणि पदार्थ अनेकदा बदलला. शेवटी टेफ्लॉनचे सील आले, तेव्हा तक्रारी पुष्कळ कमी झाल्या.

आता कारखान्यातले काम. गिअरबॉक्स खाली घेण्यापूर्वीच शहाणा कारागीर एक चौकशी पुरी करतो: गळते आहे ते नक्की काय, आणि कोठून? इंजिन आणि गिअरबॉक्स ह्यांच्या सांध्याच्या तळाशी ओघळ दिसला, की मागचे सील गेले असा निवाडा ऐकू येतो. पण तेल उतारावरून वाहते आणि धावत्या गाडीखालचा वारा त्याला मागे नेतो. वरच्या झाकणाची गॅस्केट गळत असेल, तरी थेंब शेवटी त्याच सांध्याखाली पडतो. इंजिनाचे तेल वापराने काळसर झालेले असते. गिअरच्या तेलाला गंधकासारखा उग्र वास येतो. ते सापडले, तर दोष गिअरबॉक्सच्या दांड्यावरील सीलचा. ओघळ पाण्यासारखा पातळ असून रंग खात असेल, तर तो क्लच दाबणाऱ्या हायड्रॉलिक सिलिंडरातून येतो. शंका उरलीच, तर इंजिन धुऊन, तेलात चमकणारा रंग घालून, काही दिवसांनी अतिनील दिव्याखाली वाट शोधतात. ही चौकशी न करता नवे सील बसवले, म्हणजे जुना ठिपका नव्या बिलासह परत येतो.

दुसरी चौकशी इंजिनाच्या श्वासाची. पिस्टनच्या बाजूने थोडा वायू नेहमीच खाली निसटतो आणि त्याला बाहेर जाण्यासाठी एक वाट ठेवलेली असते. ती तुंबली, की पोटातला दाब वाढतो आणि तेल सर्वांत दुबळ्या दारातून बाहेर पडते. बहुधा ते दार म्हणजे मागचे सील. अशा वेळी द्वारपाल बदलून भागत नाही.

ह्यानंतर प्रत्यक्ष काम सुरू होते. बॅटरीची तार सोडतात, गाडी उचलतात, आडवे टेके आणि एक्झॉस्टचा भाग काढतात, इंजिनाला खालून आधार देतात, चाकांकडे जाणारे दांडे सोडतात आणि गिअरबॉक्स जॅकवर घेऊन सरळ मागे ओढतात. ती तिरकी लोंबकळू दिली, तर तिच्या दांड्याच्या भाराने क्लचप्लेटची मधली चकती वाकते. प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने थोडे थोडे सैल करतात. मग फ्लायव्हील. बॉक्सटरचे फ्लायव्हील दोन थरांचे असून मध्ये स्प्रिंगा आहेत; ते हाताने पिळून त्याचा सैलपणा तपासण्याची हीच वेळ. ते निघाले, की सील समोर येते.

जुने सील काढण्याच्या रीतीवर पुढचे सारे अवलंबून असते. त्याच्या धातूच्या अंगात बारीक छिद्र पाडून स्क्रू पिळतात आणि स्क्रू धरून ते सरळ बाहेर ओढतात. छिद्र पाडताना किस आत जाऊ नये म्हणून धारेला ग्रीस लावतात. पेचकस खुपसून उचकटण्याची सवय ज्याला आहे, त्याने ह्या कामापासून दूर राहिलेले बरे. कारण पेचकसाचे टोक दांड्यावर एकच ओरखडा पाडते आणि त्या ओरखड्यातून नव्या सीलच्या ओठाखालूनही तेल वाट काढते. दांड्यावर जुन्या ओठाने खोबण पाडली असेल, तर नवे सील किंचित कमीजास्त खोल बसवतात किंवा दांड्यावर पातळ पोलादी बाही चढवतात.

नवे सील बसवताना पिढ्यांतला फरक ध्यानात ठेवावा लागतो आणि अनुभवी हातांची चूक नेमकी येथेच होते. रबरी ओठाला बसवण्यापूर्वी तेल लावतात. वर्षानुवर्षांची ती शिकवण आहे. टेफ्लॉनच्या ओठाला तेल लावायचे नसते. दांड्यावर स्वतःचा अतिपातळ लेप सोडून त्या लेपावरच त्याला फिरायचे असते, म्हणून दांडा आणि ओठ दोन्ही स्वच्छ आणि कोरडे हवेत. बसवल्यावरही त्याला दांड्याभोवती आवळून घेण्यासाठी काही तास द्यावे लागतात, तोवर इंजिन फिरवायचे नाही. सील सर्व बाजूंनी सारख्या खोलीवर गेले पाहिजे, म्हणून हातोडीने चौफेर ठोकण्याऐवजी दांड्याच्या तोंडाला पकडून स्क्रूने समान दाब देणारे हत्यार वापरतात. एक बाजू जरा पुढे आणि दुसरी मागे राहिली, तर नवेकोरे सील पहिल्या आठवड्यातच गळू लागते आणि सारी उतरंड पुन्हा उतरवावी लागते. नव्याने बसवलेल्या सीलांपैकी जी फसतात, त्यांचा दोष बहुधा मालात नसतो.

ह्याच कारणाने एक मतप्रवाह असा आहे, की कोरडे, निकोप सील असेल तर त्याला हात लावू नये. हे मत निव्वळ आळसाचे नाही. पण ते सर्व सीलांना सारखेच लागूही पडत नाही. टेफ्लॉनचे अलीकडचे सील कोरडे असेल, तर ते राहू द्यावे, ह्यात तथ्य आहे. दहापंधरा वर्षे उष्णता खाल्लेले रबरी सील आज कोरडे असले, तरी नव्या क्लचच्या आयुष्याइतके ते टिकेल अशी अपेक्षा करणे धाडसाचे आहे, ते बदलावे. आणि बदलणाऱ्याच्या हाताची खात्री नसेल, तर प्रश्न सीलचा उरत नाही, कारखान्याच्या निवडीचा होतो.

आता त्या दुसऱ्या लहानशा भागाकडे. बॉक्सटरचे फ्लायव्हील काढल्यावर मागच्या सीलच्या खाली तीन बोल्टांनी धरलेले एक छोटे झाकण दिसते. त्याच्या कडेने होणारी गळती पुष्कळदा मागच्या सीलच्या माथी मारली जाते. ह्या झाकणाच्या आत इंटरमीजिएट शाफ्ट, म्हणजे मधला दांडा, एका बेअरिंगवर फिरतो. क्रँकशाफ्टची गती साखळ्यांच्या मार्फत ह्या दांड्याकडे आणि त्याच्याकडून झडपा उघडणाऱ्या कॅमशाफ्टकडे जाते. हे बेअरिंग कायमचे ग्रीस भरून झाकलेले होते. कल्पना अशी, की त्याला कोणाकडून काहीच लागू नये. प्रत्यक्षात काळाच्या ओघात तेल झाकणीतून आत झिरपते आणि ग्रीस धुऊन नेते. पुढे आत अडकलेले जुने तेल ताज्या तेलाने बदललेही जात नाही. बेअरिंगच्या गोळ्या आणि त्यांच्या वाटा झिजतात. ते तुटले, तर मधला दांडा डगमगतो, साखळ्यांचा मेळ सुटतो आणि उघड्या झडपांवर पिस्टन आदळतात. इंजिन संपते. जुन्या बॉक्सटरची बाजारातील किंमत आज नव्या इंजिनाच्या किमतीहून कमी असल्याने गाडीही संपते.

आरंभीच्या गाड्यांत हे बेअरिंग गोळ्यांच्या दोन ओळींचे होते. २००० च्या सुमारास एका ओळीचे आले आणि अधिक बदनाम झाले ते हेच. त्यानंतरच्या, २००८ पर्यंतच्या इंजिनांत आकाराने मोठे आणि अधिक भरवशाचे बेअरिंग आहे. पण ते इंजिनाचे कवच उकलल्याशिवाय निघत नाही. २००९ च्या मॉडेलपासून आलेल्या नव्या इंजिनात हा मधला दांडाच नाही. २००१ ते २००५ च्या मॉडेलांतील बॉक्सटर आणि ९११ गाड्यांच्या मालकांनी अमेरिकेत ह्या बेअरिंगवरून सामूहिक दावा लावला होता आणि त्यात २०१३ मध्ये तडजोड झाली. बहुसंख्य गाड्यांत बेअरिंग कधीच तुटले नाही, हेही तितकेच खरे. पण ज्याचे तुटले, त्याला बहुसंख्येचा दिलासा पुरत नाही.

म्हणून ह्या गाड्यांचा क्लच उतरला, की त्या झाकणाचा विचार टाळता येत नाही. मात्र त्यातही घाई नडते. बेअरिंग बदलण्यापूर्वी तेलाचा फिल्टर कापून त्याच्या घड्या उलगडून पाहतात. त्यांत धातूचे चमकते कण सापडले, तर नवे बेअरिंग घालणे म्हणजे आग लागलेल्या घराला नवे कुलूप लावणे होय. कण तेलाबरोबर सगळीकडे गेलेले असतात आणि इंजिन उकलण्यावाचून गत्यंतर नसते. फिल्टर स्वच्छ निघाला, तरच काम पुढे जाते. क्रँकशाफ्ट ठराविक जागी खिळीने अडकवून, कॅमशाफ्ट धरून ठेवून, साखळ्यांचे ताण सैल करून मगच ते झाकण काढतात. हे न करता झाकण ओढले, तर मधला दांडा एका अंगाला कलतो आणि साखळी एखादा दात घसरली, तरी इंजिनाचा सारा ताल बिघडतो. मोठ्या बेअरिंगच्या इंजिनांत काही कारागीर बेअरिंगची बाहेरच्या अंगाची झाकणी तेवढी काढून टाकतात, म्हणजे इंजिनाचे ताजे तेल त्याच्यापर्यंत पोचू शकते. २००० आणि २००१ च्या गाड्यांत मात्र कोणत्या जातीचे बेअरिंग आहे हे झाकण उघडेपर्यंत नक्की सांगता येत नाही. पुन्हा एखाद्या गाडीचे इंजिन पूर्वीच बदललेले असेल, तर गाडीच्या वर्षावरून काढलेला निष्कर्षही फसतो.

एकदा उघडलेच आहे, तर हेही करून घ्यावे आणि तेही करून घ्यावे, ही वृत्ती येथे लगेच डोके वर काढते. क्लचचे अंदाजपत्रक मग एखाद्या सार्वजनिक बांधकामासारखे वाढत जाते. पहिल्या पानावर असलेली प्लेट शेवटच्या पानापर्यंत कोणालाच आठवत नाही. सीमा कोठे आखावी, ह्याचा एक व्यवहारी नियम कारागिरांत रूढ आहे आणि तो योग्य आहे. जो भाग पुन्हा हाती येण्यासाठी हीच उतरंड उतरवावी लागेल, तो आता पाहावा. त्यात मागचे सील आले, गिअरबॉक्सच्या दांड्याचे सील आले, क्लच दाबणारे रिलीज बेअरिंग आले, फ्लायव्हीलचे बोल्ट आले आणि असेल तेथे ते मधल्या दांड्याचे बेअरिंग आले. जो भाग उद्या वेगळ्या वाटेने, गिअरबॉक्सला हात न लावता निघू शकतो, तो उद्यावर टाकायला हरकत नाही. मग तो पाण्याचा पंप असो की समोरचा पट्टा.

फ्लायव्हील परत चढवताना बोल्ट नवे घेतात. हे बोल्ट आवळताना थोडे ताणले जातात आणि एकदा ताणलेल्या बोल्टवर दुसऱ्यांदा भिस्त ठेवता येत नाही. आधी मोजक्या जोराने आणि मग मोजक्या कोनातून फिरवून ते आवळतात. काही इंजिनांत ह्या बोल्टांची भोके आरपार इंजिनाच्या पोटात उघडतात; तेथे आट्यांना गळतीरोधक लेप लावायचा राहिला, तर तेल बोल्टाच्या वाटेने येते आणि दोष पुन्हा सीलला लागतो. क्लचप्लेटच्या दोन्ही बाजू वेगळ्या असतात आणि त्या उलटसुलट झाल्यास सारे परत काढावे लागते. म्हणून तिच्यावर गिअरबॉक्सच्या बाजूची खूण छापलेली असते. प्लेट मध्यावर धरण्यासाठी लाकडाचा किंवा प्लॅस्टिकचा खोटा दांडा घालतात, प्रेशर प्लेट आवळतात आणि मग गिअरबॉक्सचा खरा दांडा हलकेच आत सरकतो. तो सरकत नसेल, तर बोल्टांनी ओढून बसवण्याचा मोह आवरावा. मध्य चुकला आहे एवढाच त्याचा अर्थ.

गाडी खाली उतरते. इंजिन चालू करून पुरेसे तापेपर्यंत चालवतात, एक फेरी मारून आणतात आणि रात्री तिच्याखाली कोऱ्या पुठ्ठ्याचा तुकडा सरकवून ठेवतात. सकाळी पुठ्ठा कोरडा निघाला, तरी आठवडाभराने पुन्हा एकदा खालून टॉर्च मारून सांध्याच्या तळाशी बोट फिरवून पाहतात. बिलाच्या पाठीवर मग कारागीर कोणते सील घातले, त्याचा पदार्थ कोणता, झाकणाआड कोणत्या जातीचे बेअरिंग सापडले आणि त्या दिवशी मीटरवर किती किलोमीटर होते, हे लिहून ठेवतो. पुढच्या वेळी क्लच उतरवणारा माणूस दुसराच असतो, आणि त्याला ह्यातले काहीही बाहेरून दिसणार नसते.